फुकुईच्या पावसात नागपूरचा धागा

जपानहून परत येऊन महिना होत आला, पण रामदासपेठेत भेटणारं प्रत्येक माणूस अजून एकच विचारतं, "मग, तिकडे खाल्लं काय?" भाजीवाल्यापासून आमच्या प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माझ्या पोटाची काळजी. गेलो होतो कशाला, हे विचारायला कोणी तयार नाही. म्हणून म्हटलं, एकदा बैजवार लिहूनच टाकावं. खाल्लेलंही सांगते, पण आधी धाग्याचं ऐका.

मी रसायनशास्त्र शिकवते. माझ्यासोबत होते आमच्याच कॉलेजात यंत्र अभियांत्रिकी शिकवणारे धोटे. मूळचे पारशिवनीचे, घरी धानाची शेती, माझ्या यजमानांचे बालमित्र, म्हणून मला वहिनी म्हणतात आणि मी त्यांना भाऊ म्हणते. प्रयोगशाळेत आमची वाटणी सरळ आहे. पदार्थ मी करायचा आणि त्याचा धागा त्यांनी ओढायचा. बिघडलं की एकमेकांना दोष द्यायचा, तो मात्र निम्मा निम्मा.

पदार्थाचं नाव द्रव स्फटिकी बहुवारिक. घाबरू नका, वर्गात सांगते तसंच सांगते. साध्या प्लास्टिकचे रेणू शिजलेल्या शेवयांसारखे, एकमेकांत गुंतलेले असतात. आमच्या पदार्थाचे रेणू तुराट्यांसारखे ताठ. वितळवला तरी ते ताठपणा सोडत नाहीत, आणि बारीक छिद्रातून ढकलले की सगळे एका दिशेला तोंड करून रांगेत लागतात. रांग न मोडता थंड झाले की जो धागा मिळतो, तो वजनाला हलका आणि ओढायला पोलादाच्या तारेला भारी. असे धागे राळेत बसवून विमानांचे भाग आणि बोटींचे सांगाडे करायची खटपट आज जगभर चालली आहे. मोठमोठ्या कंपन्या त्यामागे लागल्या आहेत. तो धागा आम्ही नागपुरात ओढला. भट्टी आमची, छिद्राची चकती आमची, धागा गुंडाळायची मोटर धोट्यांनी भंगारातून आणलेली.

गेल्या हिवाळ्यात मुंबईच्या एका परिषदेत मी हे वाचून दाखवलं. धाग्याच्या ताकदीचा आकडा सांगितला आणि सभागृहात खसखस पिकली. पहिल्या रांगेतले एक सुटातले गृहस्थ म्हणाले, "बाई, नागपूरला संत्री चांगली होतात असं ऐकून आहोत." सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उत्तर देणार इतक्यात मागून एक किडकिडीत जपानी प्राध्यापक उठले. त्यांचं नाव हायामी. ते हसले नव्हते. म्हणाले, "माझाही या आकड्यावर विश्वास नाही. पण तुम्ही तुमचा पदार्थ घेऊन माझ्याकडे या, माझ्यासमोर धागा ओढा, माझ्या यंत्रावर तो ताणू. आकडा आला तर मी विश्वास ठेवीन."

"आणि नाही आला तर मी माझा शोधनिबंध परत घेईन," मी भर सभेत बोलून बसले. शेजारी धोटे कपाळाला हात लावून बसले होते, ते मला नंतर दिसलं.

निघताना

मृग लागून गेला होता, पण नागपूरवर पाण्याचा टिपूस नव्हता. घराघरात कूलर घरघरत होते. माझ्या सामानात दोन काचेच्या बरण्या होत्या, दोन्हींत आमच्या पदार्थाचे पांढुरके दाणे. बाकीची पेटी सासूबाईंनी भरलेली: पातळ पोह्यांचा चिवडा, मेतकूट, लिंबाचं लोणचं, सातूचं पीठ. मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्याने बरणी वर धरून हलवून पाहिली आणि म्हणाला, "काय बाई, उपास आहे वाटतं? एवढा साबुदाणा?"

"साबुदाणाच आहे, पण शिजायला फार आच लागते," मी म्हटलं. त्याने मुकाट्याने शिक्का मारला.

मधला प्रवास गाळते. बसून बसून पाय सुजले, यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही नाही.

फुकुई

फुकुई हे जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडचं गाव. रेशीम आणि कापड विणण्यात त्यांचं जुनं नाव आहे, आणि पावसातही. आम्ही स्टेशनावर उतरलो तेव्हा पाऊस पडत होता, आणि निघालो तेव्हाही. आपल्यासारखा धो धो नव्हे. बारीक, न थांबणारा, चिकट. सकाळी दोरीवर टाकलेली साडी संध्याकाळी होती तेवढीच ओली. धोटे म्हणाले, "वहिनी, इथे रुमाल वाळवाले घरी परत जा लागते जी."

हायामींनी आमची सोय विद्यापीठाजवळ किनुको-सान नावाच्या बाईंच्या घरी केली होती. साठीच्या, ठेंगण्या, डोळे हसरे. त्यांना माझी भाषा येत नव्हती आणि मला त्यांची, पण दुसऱ्या दिवसापर्यंत आम्हाला एकमेकींच्या सुनांबद्दल सगळं समजलं होतं. कसं, ते विचारू नका. बायकांना समजतं.

आता जेवण, म्हणजे एकदाचे तुमचे प्रश्न थांबतील. मी शाकाहारी. जपानमध्ये शाकाहारी असणं म्हणजे दिवसभर हात जोडून उभं राहणं. पहिल्या संध्याकाळी गार शेवयांची ताटली आली, वर किसलेला पांढरा मुळा. मी खूश झाले. आपल्याकडे मुळा किसून दही घालतात, इथे त्यात सोयाबीनचं खारं पाणी, एवढाच फरक. मग किनुको-साननी प्रेमाने वरून कसलासा तपकिरी भुगा भुरभुरला. तो वाळवलेल्या माशाचा होता, कागदासारखे पातळ पापुद्रे. माझी ताटली मी धोट्यांकडे सरकवली. ते सावजीच्या तिखट मटणावर वाढलेले, त्यांना काही वर्ज्य नाही. पण पुढच्या वाडग्यातल्या गरम भाजीवर तोच भुगा पडला आणि वाफेने थरथरायला लागला, तेव्हा तेही दचकले. "अरे बाप्पा! वहिनी, हे जित्तं आहे जी! हालून राहिलं!" किनुको-सान इतक्या हसल्या की त्यांना पदर असता तर त्यांनी तोंडात कोंबला असता.

पहिला धागा

तिसऱ्या दिवशी धागा ओढायचा होता. हायामींची प्रयोगशाळा पाहून माझे डोळे दिपले. आमच्याकडे जे काम बाईंडिंगच्या तारेने भागतं त्यासाठी इथे चकचकीत पितळी जोड. हायामींचे सहायक ओनो नावाचे तरुण गृहस्थ होते, त्यांना इंग्रजी चांगलं येत होतं. त्यांनी आमची एक बरणी उघडून दाणे भट्टीत वाळवून ठेवले होते. आम्ही नेहमी करतो तसंच. मी ते ट्रेमध्ये काढून टेबलावर ठेवले. तेही नेहमीसारखंच.

मग समारंभ सुरू झाला. विभागातले सगळे आले. दोन्ही हातांनी कार्डं देणं, वाकणं, पुन्हा वाकणं. हायामींचं भाषण, माझं भाषण, फोटो. मग हिरवा चहा आणि गोड वाटल्या डाळीचा लाडवासारखा एक प्रकार. आपलं पुरण समजा. खिडकी उघडी होती, बाहेर पाऊस पडत होता, आणि मी छान आहे हो तुमचं गाव असं म्हणत पुरण खात होते.

शेवटी दाणे यंत्रात घातले. धोट्यांनी तापमान लावलं, छिद्रातून पहिला थेंब आला. आमच्याकडे तो मोत्यासारखा चमकतो. इथे तो फेसाळ निघाला. धोट्यांनी चिमट्याने ओढला, वीतभर धागा आला आणि तुटला. पुन्हा ओढला, पुन्हा तुटला. तापमान वाढवलं तर आतून फुसफुस आवाज यायला लागला. उतरवलं तर काही येईचना. सगळा विभाग शांत उभा. कोणी हसलं नाही. मुंबईत हसले होते तेव्हा मला राग तरी आला होता. इथल्या त्या शांततेत मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

हायामी एवढंच म्हणाले, "उद्या बोलू."

परतताना धोटे म्हणाले, "वहिनी, मशीन तं बराबर आहे जी. माल काहून असा करून राहिला?"

"मले काय विचारता भाऊ? माल म्याच केला, अन् मलेच समजून नाही राहिलं."

घरी येऊन मी छत्री कोपऱ्यात टाकली आणि रडले. लिहायला लाज कसली? नुसता माझा आकडा खोटा ठरत नव्हता. आमच्या कॉलेजचं, आमच्या गावाचं नाव मी तोंडाने पणाला लावून आले होते. ते सुटातले गृहस्थ आता काय म्हणतील, हे मला त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं.

चिवडा

सकाळी किनुको-साननी माझे सुजलेले डोळे पाहिले आणि न विचारता चहा ठेवला. त्यांच्या चांगुलपणाची काहीतरी परतफेड करावी म्हणून मी सासूबाईंचा चिवड्याचा डबा काढला. आल्या दिवशीच उघडला होता, झाकण नुसतं वर ठेवलेलं. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला, मान डोलावली, "छान" असं काहीतरी म्हणाल्या. मग मी एक घास घेतला. पोहे दातांखाली वाजलेच नाहीत. लोण्यासारखे मऊ.

"वं माय! सादळला!" मी ओरडले आणि तशीच ओरडत धोट्यांच्या खोलीच्या सरकत्या दाराशी गेले. "भाऊ! सादळला!"

"काय सादळलं?" धोटे अर्धी दाढी केलेले बाहेर आले.

"चिवडा! अन् आपला मालही!"

त्यांनी वस्तरा खालीच ठेवून दिला.

आमचं काय होतं ते सांगते. कॉलेज सुरू असताना ना प्रयोगशाळा मोकळी मिळते ना मोटर. त्यामुळे आमचा सगळा धागा उन्हाळ्याच्या सुट्टीत निघतो. दरवर्षी, भर मे महिन्यात. नागपूरच्या मेमध्ये हवा अशी कोरडी असते की सकाळी घातलेल्या कुरडया दुपारी वाजतात आणि ओठ फुटतात. त्या खोलीला कूलरही नाही, की हवेत ओल यावी. वाळवलेले दाणे उघड्या ट्रेमध्ये तासभर पडले, आमचा चहा झाला, धोट्यांचं पान झालं, तरी त्यांना काही होत नसे. या पदार्थाला वितळायच्या उष्णतेत पाण्याचा अंशही चालत नाही, रेणूंचे तुकडे पडतात, हे मी दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून शिकवते. पण हवेतही पाणी असतं हे नागपूरकराला मेमध्ये कसं सुचावं? फुकुईच्या पावसात उघड्या खिडकीजवळ मी ट्रे मांडून ठेवला होता, आणि वर भाषण दिलं होतं.

विद्यापीठात जाऊन मी ओनोंना गाठलं. "तुमच्याकडे वाळवलेले दाणे कशात ठेवता?"

"बंद भांड्यात. तेच भांडं यंत्राला जोडतो," ते म्हणाले.

"मग काल माझा ट्रे उघडा दिसत होता तेव्हा बोलला का नाहीत?"

ओनो कानापर्यंत लाल झाले. "तुम्ही पाहुण्या. तज्ज्ञ. मला वाटलं, ही भारतातली खास पद्धत असेल. सांगणं उद्धटपणाचं झालं असतं."

अशी सभ्यता काय कामाची! आमच्याकडे पाहुण्याचं काही चुकताना दिसलं की सगळे एकदम सांगायला धावतात. निम्मे लोक चुकीचं सांगतात, पण गप्प कोणी बसत नाही. मला ओनोंचा राग आला आणि कीवही आली. बिचारे रात्रभर झोपले नसावेत.

हायामींना मी सरळ सांगितलं: चूक आमची, दाणे सादळले, दुसरी बरणी अजून बंद आहे, एकदा पुन्हा ओढू द्या. त्यांनी बंद बरणी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "ठीक. पण ही शेवटची बरणी."

"हो," मी म्हटलं. "पण या खेपेला चहा नंतर."

पहिल्यांदाच ते हसले.

धानाच्या बांध्या

दाणे निर्वातात वाळायला ठेवले, आणि ओनोंनी, बहुधा प्रायश्चित्त म्हणून, आम्हाला मोटारीने समुद्राकडे नेलं. समुद्र करडा, खडक काळे, वारा असा की साडी सांभाळू की छत्री. मी पाहिला आणि पाहिला असं म्हटलं. मन भट्टीत अडकलं होतं.

धोट्यांचं मन मात्र वाटेतल्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, अडकलं. गाडी थांबवायला लावून ते बांधावर उकिडवे बसले. यंत्राने लावलेली रोपं, फूटपट्टीने आखल्यासारख्या ओळी. एक म्हातारे शेतकरी जवळ आले. धोट्यांनी एक रोप बोटाने दाखवून "मी पण" अशी खूण केली आणि छातीला हात लावला. म्हाताऱ्यांना ते पटलं असावं. त्यांनी धोट्यांचे तळहात उलटसुलट पाहिले, आणि मग आपल्या डब्यातला भाताचा एक लाडू काढून दिला. आत खारवलेलं आंबट फळ. धोट्यांनी डोळे मिटून खाल्लं.

"आमच्या बोरासारखं लागते जी वहिनी. पण ओळी पाहा! माझा भाऊ पाहीन तं म्हणन, ह्या लोकाईले दुसरं काम नाही काय?"

मग गाडीत बसल्यावर हळूच म्हणाले, "उद्या धागा निघते. मले आतून वाटून राहिलं." धोट्यांना आतून वाटणाऱ्या निम्म्या गोष्टी खोट्या निघतात. पण त्या दिवशी मला ते ऐकून फार बरं वाटलं.

दुसरा धागा

या खेपेला भाषण नाही, फोटो नाही. दाण्यांचं बंद भांडं ओनोंनी थेट यंत्राच्या तोंडाशी जोडलं. मी खिडकी स्वतः लावून घेतली. धोट्यांनी बाह्या वर केल्या, यंत्रावर हात ठेवून म्हणाले, "चाल गा बाप्पा, इज्जत राख."

थेंब आला. दुधी, मोत्यासारखा. धोट्यांनी चिमट्याने धरला, खाली ओढला, रिळावर चढवला, आणि रीळ फिरायला लागलं. धागा येत राहिला. गव्हाच्या काडीच्या रंगाचा, केसाहून बारीक, दिव्याखाली रेशमासारखा.  रीळ भरलं तेव्हा धोट्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी रीळ सोडवून माझ्या हातात दिलं.

पण नुसता ओढलेला धागा कच्चा असतो. तो नायट्रोजनमध्ये मंद आचेवर मुरवावा लागतो, तेव्हा रेणू लांबीला आणखी जोडले जातात आणि खरी ताकद येते. लोणच्यासारखीच इथे घाई चालत नाही. तो वेळ कसा काढला ते मला आठवत नाही. किनुको-सानसोबत बसून मी ढीगभर घेवडा निवडला एवढं आठवतं.

मुरलेला धागा ताणायच्या दिवशी पुन्हा सगळा विभाग जमला. धाग्याची टोकं जाड कागदाला चिकटवून यंत्राच्या दोन जबड्यांत धरतात, जबडे दूर जातात, आणि एक लेखणी कागदावर रेघ चढवत नेते. जिथे रेघ कोसळते तिथे धागा तुटला. मुंबईत सांगितलेल्या आमच्या आकड्याजवळ ओनोंनी पेन्सिलने खूण करून ठेवली होती.

रेघ चढायला लागली. मी खुणेकडे पाहत होते. रेघ खुणेच्या खाली होती, मग जवळ आली, मग खुणेशी पोचली. आणि थांबली नाही. खूण ओलांडून ती वर गेली. आणखी वर. मग टक् असा आवाज झाला.

"पुन्हा," हायामी म्हणाले. दुसरा धागा लावला. तोही खुणेच्या वर जाऊन तुटला. तिसरा, चौथा. त्यांनी ओनोंना बाजूला करून स्वतःच्या हाताने एक धागा लावला. तो सगळ्यांत वर गेला.

हायामी माझ्याकडे वळले. "तुम्ही मुंबईत कमी आकडा सांगितलात. असं का?"

 धोट्यांना मी मराठीत विचारलं, तर ते म्हणाले, "सांगा त्याईले, आपल्या मशीनचे जबडे ढिल्ले आहेत. धागा तुटाच्या आधीच सटकते. आपण जिथे सटकला तोच आकडा लिहत होतो." मी भाषांतर केलं. सगळा विभाग हसला, आणि या हसण्यात मीही होते.

मग हायामी सगळ्यांसमोर सरळ उभे राहिले. म्हणाले, "मुंबईत मी म्हटलं होतं की माझा विश्वास नाही. तो शब्द मी परत घेतो. त्या सभेत जे होते त्यांनाही मी हे कळवीन." आणि ते कमरेतून वाकले, इतके खाली की मला त्यांच्या डोक्याचा मागचा भाग दिसला. त्यांच्या मागे सगळा विभाग वाकला. आम्हीही वाकलो. माझ्या डोळ्यांतून पाणी थेट त्यांच्या स्वच्छ फरशीवर पडलं, आणि मी ते पुसलं नाही. माझी छाती त्या क्षणी एवढी फुलली होती की सगळं नागपूर तिच्यात मावलं असतं.

चहा आता आला. पेला हातात घेऊन हायामी म्हणाले, "मला तुमची प्रयोगशाळा पाहायची आहे. आम्ही इथे निर्वात, बंद भांडी, नायट्रोजन वापरतो. तुम्ही तोच धागा उघड्या ट्रेमधून ओढता. हे मला डोळ्यांनी पाहायचं आहे. नागपूरला कोणत्या महिन्यात येऊ?"

आता, आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आपण काय सांगतो? डिसेंबरात या, संत्री असतात, गुलाबी थंडी असते, काहीही करा पण उन्हाळ्यात येऊ नका. सख्ख्या जावयालाही आपण मेमध्ये बोलावत नाही. त्या उन्हाची आपल्याला जन्मभर लाज वाटत आलेली असते, जणू ते आपणच केलं आहे.

धोट्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघं एकदम म्हणालो, "मे महिन्यात या!"